वकिलाची चूक आणि पक्षकाराचा हक्क

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पण पायरी चढायची की नाही हे नेहमी आपल्या हाती नसते. शेजाऱ्याने बांध कोरला, भावाने वाटणी नाकारली, उसने दिलेले पैसे बुडाले, की माणसाला नाइलाजाने कोर्टात जावे लागते. कायदा कळत नाही, म्हणून तो वकील करतो. वकीलपत्रावर सही किंवा अंगठा दिला, की पुढे काय चालले आहे हे त्याला वकील सांगतील तेवढेच कळते.

आमच्या घरी असेच झाले. माझ्या आजोबांचा बांधावरून दावा होता. तालुक्याच्या कोर्टात निकाल विरुद्ध गेला, तेव्हा अपील करायचे ठरले. वकिलांनी निकालाची नक्कल, सातबाराचे उतारे आणि पैसे घेतले व काही दिवसांनी अपील दाखल झाल्याचे सांगितले. आजोबा दर महिन्याला बाजाराच्या दिवशी जाऊन विचारून येत. दीड वर्षाने वडील स्वतः जिल्ह्याच्या कोर्टात चौकशीला गेले, तेव्हा असे अपील दाखलच झालेले नाही, असे समजले. मुदत केव्हाच संपून गेली होती. आजोबा एवढेच म्हणाले, "वकिलाला कोण विचारणार?" पुढे ते वारले, त्यांचा प्रश्न मात्र घरात राहिला. कॉलेजात आल्यावर कायद्याची पुस्तके हाती लागली, तेव्हा त्याचे उत्तर शोधावेसे वाटले.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. खटला हरणे म्हणजे वकिलाची चूक नव्हे. प्रत्येक दाव्यात एक बाजू हरतेच. वकील निकालाची हमी देत नाही. तो आपले ज्ञान आणि योग्य ती काळजी देण्याचे पत्करतो. कोणता साक्षीदार तपासावा, कोणता मुद्दा आधी मांडावा, याचा त्याने विचारपूर्वक घेतलेला निर्णय पुढे चुकीचा ठरला, तरी तेवढ्याने तो दोषी होत नाही. परंतु मुदतीत दावा दाखल न करणे, तारखेला न सांगता गैरहजर राहणे, पक्षकाराला न विचारता तडजोड करणे, त्याचे पैसे अडकवून ठेवणे किंवा जे केले नाही ते केले म्हणून सांगणे, या गोष्टी निराळ्या आहेत. येथे प्रश्न मतभेदाचा नसून कर्तव्याचा आहे.

असे काही घडले तर पक्षकाराने पहिली धडपड आपले प्रकरण वाचवण्याची करावी. जिल्हा न्यायालयात दिवाणी अपील करण्याची मुदत ३० दिवसांची असते. नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस त्यातून वगळले जातात. उशीर झालाच, तर १९६३ च्या मुदतीच्या कायद्याच्या कलम ५ प्रमाणे पुरेसे कारण दाखवून तो माफ करण्याचा अर्ज करता येतो. गैरहजेरीमुळे एकतर्फी हुकूमनामा झाला असेल, तर तो रद्द करण्यासाठीही अर्ज आहे. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले होते. वकील हजर न राहिल्याने अलाहाबाद उच्च न्यायालयात अपील फेटाळले गेले होते. आपले काम वकिलावर सोपवून निर्धास्त झालेल्या खेडूत पक्षकाराला वकिलाच्या कसुरीची शिक्षा होऊ नये, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने ते अपील पुन्हा सुनावणीला घेण्यास सांगितले आणि खर्चाचे २०० रुपये गैरहजर वकिलाकडून वसूल करावेत, असा आदेश दिला. मात्र दरवेळी असे होईलच, असे समजू नये. पक्षकार स्वतः किती जागरूक होता, हेही न्यायालये पाहतात.

दुसरा मार्ग नुकसानभरपाईचा. इंग्लंडमध्ये जुन्या परंपरेप्रमाणे बॅरिस्टरला फीसाठी दावा लावता येत नसे आणि कोर्टातील कामाबद्दल त्याच्यावरही दावा होत नसे. यातील दुसरे संरक्षण तेथील हाउस ऑफ लॉर्ड्सने २००० साली काढून टाकले. आपल्याकडे हा प्रश्न पुष्कळ आधी सोडवला गेला. १९२६ सालच्या लीगल प्रॅक्टिशनर्स (फीज) अॅक्ट या लहानशा कायद्याने वकिलाला ठरलेल्या फीसाठी दावा करण्याचा हक्क दिला आणि त्याच कायद्याच्या कलम ५ ने सांगितले, की केवळ वकील आहे म्हणून निष्काळजीपणामुळे झालेल्या नुकसानीच्या दाव्यातून कोणी सुटणार नाही. म्हणजे फीचा हक्क आणि कामाची जबाबदारी एकाच कायद्याने बरोबर आणली. आजोबांना हे कोणी सांगितले असते तर, असे हे कलम वाचताना वाटले.

पण हा दावा जिंकणे सोपे नाही. वकिलाने काम स्वीकारले होते, त्याने योग्य ती काळजी घेतली नाही आणि त्यामुळेच आपले नुकसान झाले, अशा तिन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. यातील तिसरी सर्वांत कठीण. अपील दाखल झाले असते तर ते जिंकण्याजोगे होते, हे दाखवावे लागते. म्हणजे एका दाव्याच्या पोटात दुसरा दावा चालवावा लागतो. मूळ बाजूच लंगडी असेल, तर वकिलाची कसूर सिद्ध होऊनही हाती फारसे काही येत नाही.

तिसरा मार्ग शिस्तभंगाच्या तक्रारीचा. १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टप्रमाणे वकिलाची सनद ज्या राज्याच्या बार कौन्सिलकडे असते, तेथे त्याच्याविरुद्ध लेखी तक्रार करता येते. आपल्यासाठी ती महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल. तक्रारीत तथ्य दिसले, तर ती शिस्तपालन समितीकडे जाते. दोन्ही बाजू ऐकून समिती वकिलाला ताकीद देऊ शकते, ठरावीक काळ वकिली बंद करू शकते किंवा त्याचे नाव यादीतून कायमचे काढू शकते. एका वर्षात निकाल लागला नाही, तर प्रकरण भारतीय बार कौन्सिलकडे जाते. राज्याच्या समितीच्या निर्णयावर ६० दिवसांत भारतीय बार कौन्सिलकडे व त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात अपील आहे.

मात्र येथेही एक भेद आहे. महाराष्ट्राच्या बार कौन्सिलकडून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली म्हटले, की चुकीचा सल्ला देणे आणि अनुचित सल्ला देणे यांत फार मोठे अंतर आहे. ज्यात नीतीचा दोष नाही असा नुसता निष्काळजीपणा म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन नव्हे. याउलट १९७८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेले तामिळनाडूतील प्रकरण पाहावे. एका वृद्ध, बहिऱ्या गृहस्थांनी आणि त्यांच्या पत्नीने वचनचिठ्ठ्यांवरील पैसे वसूल करण्याचे काम वकिलाकडे दिले होते. दावे दाखलच झाले नव्हते, तरी ते चालू असल्याचे त्यांना सांगितले जात होते. ही नुसती हयगय नव्हती, ही फसवणूक होती. न्यायालयाने दोष कायम ठेवला. वकिलाची सनद तात्पुरती स्थगित राहिली. शिवाय गरिबांसाठी मोफत कायदेविषयक काम करण्यास आणि त्या वृद्धांना काही रक्कम देण्यास त्याला सांगण्यात आले. हे प्रकरण वाचताना मला आजोबांच्या त्या बाजाराच्या दिवसांच्या फेऱ्या आठवल्या.

पुष्कळांना वाटते, की डॉक्टरांप्रमाणे वकिलांविरुद्धही ग्राहक न्यायालयात जाता येईल. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. २००७ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने वकिलांच्या सेवेबद्दलही तसेच मत दिले. परंतु १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. वकील पक्षकाराच्या सूचनांप्रमाणे काम करतो, त्यामुळे ती वैयक्तिक सेवा ठरते, आणि वकिली हा इतरांहून वेगळा व्यवसाय आहे, असे कारण न्यायालयाने दिले. म्हणून हा दरवाजा आज बंद आहे. दिवाणी न्यायालय आणि बार कौन्सिल हे दोन मात्र उघडे आहेत.

हे सर्व वाचल्यावर मी आजोबांच्या मूळ निकालाची नक्कल पुन्हा काढून वाचली. मोजणीचा नकाशा आमच्या विरुद्ध होता. अपील झाले असते, तरी ते जिंकलो असतो असे छातीठोकपणे म्हणवत नाही. तेव्हा भरपाईचा दावा बहुधा टिकला नसता. वडिलांना हे सांगताना जड गेले. पण अपील दाखल केल्याचे जे खोटे सांगितले गेले, त्याबद्दल बार कौन्सिलकडे तक्रार करता आली असती. ती सिद्ध करायला आमच्याकडे काय होते? पैशाची पावती नव्हती. कागदांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या. अपिलाचा नंबर आजोबांनी कधी मागितला नव्हता, कारण तो मागायचा असतो हेच त्यांना ठाऊक नव्हते.

म्हणून काही गोष्टी प्रत्येक पक्षकाराने पाळाव्यात. मूळ कागद देण्याआधी त्यांच्या प्रती काढाव्यात. फी दिल्याची पावती घ्यावी. दावा किंवा अपील दाखल झाल्यावर त्याचा नंबर आणि पुढची तारीख लिहून घ्यावी व ती कोर्टात जाऊन पडताळावी. आता हे कोर्टाच्या संकेतस्थळावर मोबाइलवरूनही पाहता येते. वकील बदलायचा असेल, तर आपले कागद परत मागावेत. फी बाकी आहे म्हणून वकिलाला ते अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले आहे. आणि एका वकिलाविरुद्ध दुसरा वकील करायला पैसे नसतील, तर १९८७ च्या कायद्याप्रमाणे तालुका विधी सेवा समितीकडे मोफत मदत मागता येते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अल्प उत्पन्न असणारे यांना ती मिळते.

यावरून सगळे वकील असेच, असा समज कोणी करून घेऊ नये. कित्येक वकील पदरमोड करून गरिबांचे खटले चालवतात. वकिलाला प्रश्न विचारणे म्हणजे त्याचा अपमान करणे नव्हे, आणि प्रामाणिक वकिलाला तो तसा वाटणारही नाही.

"वकिलाला कोण विचारणार?" या आजोबांच्या प्रश्नाला आता उत्तर देता येईल. ज्याने वकीलपत्र दिले, तो विचारणार. कायद्याने त्याला तो हक्क १९२६ सालीच दिला आहे. आमच्या गावात आजही पुष्कळ घरी कोर्टाच्या तारखा चालू आहेत. मी सुटीत घरी जातो, तेव्हा कोणी कागद दाखवायला आले, तर पहिल्यांदा एवढेच विचारतो, की पावती आहे का आणि नंबर लिहून घेतला आहे का.