नोटरीचा शिक्का म्हणजे घराची मालकी नव्हे

दहा-पंधरा वर्षे कारखान्यात राबून चार पैसे जमले की कारागिराची पहिली इच्छा असते ती स्वतःच्या घराची. खोली पसंत पडते, सौदा ठरतो आणि दलाल म्हणतो, "500 च्या स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी करून टाकू, शेठ. रजिस्ट्रीत लाख-दोन लाख कशाला घालवता?" आपले अनेक बांधव येथेच फसतात.

नोटरी एवढेच पाहतो की सही करणारा माणूस तोच आहे आणि सही त्याच्यासमोर झाली आहे. घर विकणाऱ्याचे आहे का, त्यावर कर्ज आहे का, याची जबाबदारी त्याच्यावर नसते. 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार 100 रुपये वा अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीचे खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेच लागते. नोंदणीशिवाय मालकी खरेदीदाराकडे येत नाही. कुलमुखत्यारपत्रावर झालेल्या व्यवहारानेही मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले. विकणारा वारला आणि त्याचे वारस दारात उभे राहिले की नोटरीच्या कागदाची किंमत कळते.

तोंडी हिबा चालतो, मग हे का नाही, असे काही जण विचारतात. हिबा म्हणजे मोबदला न घेता दिलेली देणगी. पैसे मोजून घेतलेल्या घराला तो नियम लागू नाही.

आता खर्चाचे पाहू. मुंबईत मुद्रांक शुल्क 5 टक्के व मेट्रो अधिभार 1 टक्का, म्हणजे 40 लाखांच्या घरावर 2 लाख 40 हजार. नोंदणी फी 1 टक्का असली तरी 30 हजारांच्या वर जात नाही. एकूण 2 लाख 70 हजार. राहते घर केवळ स्त्रीच्या नावे घेतले तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे, म्हणजे 40 हजार वाचतात. सोबत पतीचे नाव घातले की सवलत गेली. इतर शहरांत व गावांत दर थोडे निराळे आहेत.

सौद्याची रक्कम कमी दाखवून शुल्क वाचत नाही. सरकारी बाजारमूल्य दर तक्त्याप्रमाणे किंमत 45 लाख येत असेल तर शुल्क 45 लाखांवरच बसते. इसाराचे पैसेही रोखीने देण्याची धंद्यातली सवय येथे महागात पडते. घराच्या व्यवहारात 20 हजार वा त्याहून अधिक रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत जीएसटी लागतो, साधारणपणे 5 टक्के आणि परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसल्यास 1 टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घेतलेल्या घरावर तो नाही. किंमत 50 लाख वा अधिक असेल तर खरेदीदारानेच 1 टक्का आयकर कापून सरकारात भरायचा असतो.

सही झाल्यापासून 4 महिन्यांत दस्त नोंदणीला गेला पाहिजे. बयाणा देण्यापूर्वी निबंधक कार्यालयात त्या मिळकतीचा शोध घ्या. "या खोलीची रजिस्ट्री होतच नाही," असे दलाल म्हणाला तर का होत नाही, हे आधी वकिलाकडून समजून घ्या.

आणि ज्यांच्या कपाटात आज फक्त नोटरीचा कागद आहे, त्यांनी विकणारा हयात असेपर्यंत त्याला गाठावे, शुल्क भरून रीतसर खरेदीखत करून घ्यावे आणि सूची क्रमांक 2 ची प्रत हाती पडेपर्यंत पाठपुरावा सोडू नये.