टोपणनावे आणि क्रमांक : संकेतस्थळावरील साहित्यसूची

का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक १९०९ साली निघाला. तेव्हापासूनच्या अंकांची सूची संकेतस्थळावर आणायची, तर मजकूर चढवणे हे कष्टाचे पण सोपे काम. अवघड आहे ते लेखक, लेखन आणि अंक यांचे परस्परसंबंध टिकवणे.

राम गणेश गडकऱ्यांचे उदाहरण घेऊ. नाटके त्यांनी स्वतःच्या नावाने लिहिली, कविता ‘गोविंदाग्रज’ म्हणून आणि विनोदी लेख ‘बाळकराम’ म्हणून. ही तिन्ही नावे एकाच माणसाची, हे संगणकाला ठाऊक नसते. सूची नुसत्या नावावर बेतली, तर गडकऱ्यांच्या पानावर त्यांच्या कविता येणारच नाहीत. आणि त्या गळल्या आहेत, हे वाचकाला कळणारही नाही.

वर्डप्रेस या प्रणालीत २०१०च्या ३.० आवृत्तीपासून ‘लेखक’, ‘साहित्यकृती’, ‘अंक’ असे स्वतंत्र नोंदप्रकार करणे सोपे झाले. प्रत्येक नोंदीला प्रणाली एक क्रमांक देते. कृतीच्या नोंदीला लेखकाचा हा क्रमांक जोडावा आणि छापलेले टोपणनाव वेगळ्या रकान्यात जसेच्या तसे ठेवावे. मग लेखकाच्या पानाचे टेम्प्लेट, म्हणजे साचा, एवढेच विचारतो : हा क्रमांक कोणकोणत्या कृतींना जोडलेला आहे? नाते एकदाच नोंदले जाते, पण लेखकाकडून कृतीकडे आणि कृतीकडून लेखकाकडे, दोन्ही बाजूंनी वाचता येते.

तरीही गळती संपत नाही. वेगळे सांगितले नाही, तर मूळ मांडणीत दहाच नोंदी दिसतात. अकरावी मुकाट्याने बाहेर राहते. क्रमही प्रकाशनवर्षाचा नसतो, तर संकेतस्थळावर शेवटी चढवलेली नोंद आधी, असा असतो. म्हणून मर्यादा काढून वर्षाच्या रकान्यावर क्रम लावावा. पण ज्या नोंदीत तो रकानाच नाही, ती अशा क्रमवारीत सहसा दिसत नाही. वर्ष ठाऊक नसलेल्या कृतींची यादी त्यासाठी निराळी मागवावी लागते.

शेवटचा मुद्दा थीमचा. थीम हा संकेतस्थळाचा पोशाख; तो कधी ना कधी बदलणारच. नोंदप्रकारांची व्याख्या थीममध्येच लिहिली असेल, तर पोशाखाबरोबर सूचीही नजरेआड होते. नोंदी कोठारात असतात, पण त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट उरत नाही. ती व्याख्या स्वतंत्र प्लगइनमध्ये ठेवावी आणि थीमकडे केवळ मांडणी सोपवावी. जुने अंक जपणाऱ्यांनी संकेतस्थळ करून घेताना कारागिराला हे आधीच विचारलेले बरे.