चंद्रपूरचं पाणी, भिवंडीचे दात

वाकलेली हाडं, तपकिरी पट्ट्यांचे दात आणि खाली मजकूर : ‘फ्लोराइड म्हणजे विष’. असा एखादा व्हिडिओ मोबाइलवर येतो आणि भिवंडीतल्या एखाद्या घरात मुलांची पेस्ट बदलते. व्हिडिओतलं दृश्य खोटं नसतं. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांनी विहिरी-बोअरचं फ्लोराइडयुक्त पाणी वर्षानुवर्षं पिऊन ते भोगलं आहे. पण त्या गावांचं दुखणं जास्त फ्लोराइडचं. भिवंडीतल्या शाळकरी मुलाचा दात किडतो तो वेगळ्याच कारणाने.

गैरसमज : आपल्याही नळाला ते पाणी येत असणार.

शहराला पाणी मिळतं ते मुख्यतः उल्हास नदीतून, स्टेम म्हणजे शहाड-टेमघर प्राधिकरणामार्फत, आणि काही मुंबई महापालिकेच्या जलवाहिन्यांतून. सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचं हे पाणी नदीत आणि धरणात साठतं. फ्लोराइड चढतं ते जमिनीखाली खडकात दीर्घकाळ मुरलेल्या पाण्यात. नदी-धरणाच्या पाण्यात ते सहसा थोडंच असतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा पर्यायच नसेल तर 1.5. तालुक्यात बोअरवर अवलंबून असलेल्या पाड्यांनी मात्र पाणी तपासूनच घ्यावं. वज्रेश्वरी-अकलोलीच्या गरम कुंडांचं पाणी अंघोळीपुरतं ठीक, पिण्यासाठी नको. आणि पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटतं आणि प्रमाण किंचित वाढतं.

गैरसमज : फ्लोराइडची पेस्ट मुलांना नकोच.

सगळा घोटाळा इथे आहे. फ्रेडरिक मॅके हा दंतवैद्य 1901 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्जला आला, तेव्हा त्याला गावच्या लोकांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले. पुढे हेही ध्यानात आलं, की हे डागाळलेले दात फारसे किडत नाहीत. डागांचं कारण पाण्यातलं फ्लोराइड, हे 1931 मध्ये उघड झालं. मग प्रश्न उरला मात्रेचा : डाग पडू नयेत आणि दातही वाचावेत इतकं किती? 1945 मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराने नळाच्या पाण्यात मोजून फ्लोराइड मिसळायला सुरुवात केली. आपल्याकडे तसं मिसळत नाहीत. म्हणजे भिवंडीच्या मुलाला दातांपुरतं फ्लोराइड मिळायची मुख्य वाट पेस्टचीच, आणि व्हिडिओ पाहून आपण नेमकी तीच बंद करतो.

गोड-पिठूळ खाल्लं की तोंडातले जिवाणू त्याचं आम्ल करतात. त्या आम्लाने दाताच्या वरच्या कवचातली खनिजं विरघळतात आणि लाळ ती हळूहळू परत बसवते. या परतफेडीत फ्लोराइड हाताशी असलं की नवा थर आम्लाला सहजासहजी दाद देत नाही. हे काम दाताच्या पृष्ठभागावर होतं, त्यासाठी पेस्ट गिळावी लागत नाही.

तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. जाहिरातीत ब्रशभर लाट दिसते, ती विक्रीसाठी. लहान मूल पेस्ट चाटून गिळत राहिलं, तर घडत असलेल्या पक्क्या दातांवर पांढुरके डाग येऊ शकतात, म्हणून ट्यूब मोठ्यांच्या हातात असावी. थुंकल्यावर खळखळून चूळ भरू नये, थोडं फ्लोराइड दातांवर राहू द्यावं. ट्यूबवर फ्लोराइडचा पीपीएम आकडा छापणं आपल्याकडे बंधनकारक आहे आणि 1000 ही त्याची कमाल मर्यादा. आकडा नसलेलं लाल मंजन दात फक्त घासतं. मशेरीबद्दल काय बोलावं! मंजन-पेस्टमध्ये तंबाखू घालायला देशात 1992 पासून बंदी आहे. पण तव्यावर तंबाखू भाजून केलेली मशेरी आजीच्या डबीतून नातीच्या बोटावर येते, तिथे कुठला कायदा पोचणार?

गैरसमज : आमचा मुलगा चॉकलेट खात नाही, मग कीड कशी?

चहात बुडवलेली खारी, दहा रुपयांचा बिस्किटपुडा, मधल्या सुट्टीतले वेफर्स. हे सगळं दाढांच्या खाचांत लगदा होऊन बसतं. एकदाच दोन लाडू खाणं परवडलं. दिवसभर एकेक बिस्किट चघळणं नाही, कारण लाळेला परतफेडीची उसंतच मिळत नाही. रात्री झोपेत लाळ कमी होते, म्हणून दात घासून झाल्यावर दूध-बिस्किट नको.

गैरसमज : दुधाचे दात पडणारच आहेत.

सहा वर्षांच्या मुलाला ‘आ’ करायला सांगा आणि मोबाइलचा टॉर्च मारा. शेवटच्या दुधाच्या दाढेमागे एक नवी, खडबडीत दाढ अर्धी हिरडीतून डोकावताना दिसेल. ती पक्की दाढ. तिच्यासाठी कुठलाच दात पडलेला नसतो, त्यामुळे ती कधी आली हे घरात कुणाला कळत नाही. दुधाचीच समजून ती किडू दिली जाते. शिवाय दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत जेवायला लागतात.

गैरसमज : धुरी दिली की कीड गळून पडते.

रिंगणीच्या बियांची धुरी देऊन पांढऱ्या ‘अळ्या’ दाखवणारे असतात. ते तुकडे बियांतलेच. दातात अळी नसते.

गैरसमज : औषधाने दात काळा झाला, म्हणजे बिघडला.

सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे द्रव औषध किडलेल्या जागी लावलं की ती जागा काळी पडते, पण बहुतेक वेळा कीड तिथेच थांबते. यात ड्रिल नाही, सुई नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 2013 मध्ये पालघरला झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. शाळकरी मुलांचे दात तपासणं या कार्यक्रमात आहे. तपासणीनंतर रुग्णालयात जायची चिठ्ठी मिळाली, तरी लूमवर बारा तासांची पाळी करणाऱ्या बापाने सकाळची ओपीडी कशी गाठायची? फ्लोराइडचं वार्निश ब्रशने दातांवर लावायला काही मिनिटं पुरतात. ते वर्षातून दोनदा वर्गातच लावलं, तर बापाचा खाडा तरी वाचेल.