लिफ्टच्या दोरातील ताण

बंगळुरूच्या महात्मा गांधी मार्गावर १९७०च्या दशकात 'पब्लिक युटिलिटी' ही पंचवीस मजली इमारत उभी राहिली. अशा इमारतीत वीज गेली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच थांबली, तर आत अडकलेल्या माणसाला एकच भय वाटते : पिंजरा आता खाली कोसळेल. वस्तुतः आत एकटाच माणूस असेल, तर पिंजऱ्याचा कल वर जाण्याकडे असतो.

याचे कारण दोराच्या दुसऱ्या टोकाला आहे. पिंजऱ्याचा दोर वरच्या कप्पीवरून जातो आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला भारी वजने टांगलेली असतात. त्यांचे वस्तुमान रिकामा पिंजरा व त्याच्या पूर्ण क्षमतेचा साधारण निम्मा भार यांच्या बेरजेइतके ठेवतात. त्यामुळे मोटरीला केवळ दोन्ही बाजूंमधील फरक ओढावा लागतो. जॉर्ज ॲटवूड यांनी १७८४ साली वर्णिलेल्या उपकरणाची रचना हीच होती. तेथे पिंजऱ्याऐवजी लहान वजने होती, इतकेच.

समजा, दहा माणसांच्या, म्हणजे ६८० किलोग्रॅम क्षमतेच्या लिफ्टचा पिंजरा १००० किलोग्रॅमचा आहे. तेव्हा समतोलाचे वजन १३४० किलोग्रॅम होईल. आत ६० किलोग्रॅमची एकच व्यक्ती आहे. दोर व कप्पी यांचे वस्तुमान आणि घर्षण सोडून दिले, तर ब्रेक पूर्ण सुटल्यावर काय होईल?

येथे पुष्कळांची चूक होते. काही जण दोन्ही वजनांची बेरीज करून तिलाच ताण म्हणतात. खरे तर प्रत्येक बाजूचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. दोर ताणून लांब होत नाही, म्हणून दोन्ही बाजूंचे त्वरण सारखेच असते. गुरुत्व त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग धरल्यास वजने १०३८८ व १३१३२ न्यूटन येतात.

वर जाणारा पिंजरा : ताण − १०३८८ = १०६० × त्वरण
खाली येणारे वजन : १३१३२ − ताण = १३४० × त्वरण

समीकरणांची बेरीज केली की ताण निघून जातो आणि २७४४ = २४०० × त्वरण एवढेच उरते. त्वरण सुमारे १.१४ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. ते पहिल्या समीकरणात घातल्यास ताण सुमारे ११६०० न्यूटन मिळतो. पिंजऱ्याच्या वजनाहून अधिक, समतोलाच्या वजनाहून कमी. प्रत्यक्षात हा ताण अनेक दोरांत वाटला जातो.

या त्वरणाने पिंजरा चार सेकंदांत सुमारे ९ मीटर, म्हणजे जवळजवळ तीन मजले वर जाईल. म्हणूनच वीज जाताच ब्रेक स्प्रिंगच्या जोराने आपोआप घट्ट बसतो. सुटका करणारा तंत्रज्ञ तो हाताने क्षणभरच सैल करतो, पुन्हा आवळतो आणि पिंजरा हळूहळू जवळच्या मजल्याशी आणतो. तोवर अर्धवट उघड्या दारातून बाहेर पडू नये. पिंजरा त्याच वेळी हलू शकतो.

दहाही माणसे आत असती, तर १६८० किलोग्रॅमची बाजू खाली गेली असती. तेव्हाचे त्वरण सुमारे १.१० मीटर प्रति सेकंद वर्ग आणि ताण सुमारे १४६१० न्यूटन येतो.