जुन्या जीपगाडीस ‘रिव्हर्स’चे दिवे कसे बसवावे?

आमच्या पुष्कळ सभासदांजवळ जुन्या जीपगाड्या आहेत. खत, बियाणें व माणसें वाहण्यास त्या अद्याप उत्तम कामीं येतात. परंतु त्यांतील अनेकींस गाडी मागें घेतांना लागणारे पांढरे दिवे मुळांतच नसतात. पंपास वीज पुष्कळदां रात्रीं मिळत असल्यामुळें शेतकऱ्यास अवेळीं मळ्यावर जावें लागतें. तेथें कठडा नसलेल्या विहिरीजवळून अंधारांत गाडी मागें घेणें म्हणजे जिवाशीं खेळ होय. आमच्याच खळ्यांत अशा वेळीं दाव्यास बांधलेल्या कालवडीचा पाय चाकाखालीं सांपडला. तिच्या जागीं एखादें मूल असतें तर, या विचारानें आम्हीं हे दिवे बसविले. त्या अनुभवावरून पुढील माहिती देत आहों.

प्रथम प्रवाहाचा हिशेब करावा. वॅटांस व्होल्टांनीं भागिलें म्हणजे अँपिअर निघतात. १२ व्होल्टच्या गाडीस २१ वॅटचे दोन बल्ब लाविल्यास ४२ वॅट, म्हणजे साडेतीन अँपिअर प्रवाह लागतो. त्यास १.५ चौरस मिलिमीटरची मोटारीची तार व ५ अँपिअरचा फ्यूज पुरे होतो. फार जुन्या कांहीं गाड्या ६ व्होल्टच्या असतात. तेथें तेवढ्याच वॅटांस दुप्पट प्रवाह लागतो. यास्तव बॅटरी पाहिल्याखेरीज सामान आणूं नये.

विजेचा मार्ग असा ठेवावा: चावी फिरविल्यावरच जेथें वीज येते त्या टोकापासून फ्यूज, तेथून स्विच, तेथून दिवे, आणि दिव्यांतून परत गाडीचा सांगाडा. फ्यूज हा दिव्याच्या नव्हे, तारेच्या रक्षणाकरितां असतो; म्हणून तो उगमाजवळच असावा. तार वाटेंत घांसून सांगाड्यास टेकली तर फ्यूज जळेल, परंतु गाडी पेटणार नाहीं.

गिअरपेटीवर रिव्हर्सचा स्विच बसविण्याची सोय असल्यास तोच उत्तम. गिअर पडतांच दिवे आपोआप लागतात. ती नसल्यास गिअरच्या दांड्यानें दाबला जाईल असा स्विच बसवावा. हातानें लावावयाचा स्विच घेतल्यास त्याबरोबर चालकासमोर एक लहान खुणेचा दिवा अवश्य जोडावा. नाहींतर पांढरे दिवे रस्त्यावर तसेच चालू राहतात व मागून येणारा फसतो. ५५ वॅटचे मोठे दिवे लाविल्यास दोहोंस नऊ अँपिअरांहून अधिक प्रवाह लागतो. लहान स्विचास तो झेपत नाहीं. तेथें रिले घालून तार व फ्यूज त्या मानानें मोठे घ्यावे. रिलेच्या ८५ व ८६ या टोकांस स्विचाचा मार्ग, ३० या टोकास फ्यूजमधून येणारी वीज व ८७ या टोकास दिवे जोडावे.

कामास हात घालण्यापूर्वीं बॅटरीचें सांगाड्याकडील टोक सोडावें. तार सायलेन्सर व फिरणारा शाफ्ट यांपासून दूर न्यावी, वीतभर अंतरावर बांधीत जावी, आणि पत्र्याच्या भोकांतून नेतांना तेथें रबरी कडी बसवावी. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला सांधा पहिल्याच पावसाळ्यांत गंजतो.

सर्वांत अधिक चूक होते ती अर्थिंगमध्यें. सांगाड्यावरील रंग व गंज खरवडून, पत्रा चकचकीत करून मगच बोल्ट आवळावा व वर थोडें ग्रीस लावावें. अर्थिंग कच्चें राहिल्यास दिवा मंद जळतो, किंवा प्रवाह शेजारच्या दिव्यांतून वाट काढतो आणि रिव्हर्स टाकतांच मागचा लाल दिवा मिणमिणूं लागतो. असें दिसल्यास बल्ब बदलीत बसूं नये; अर्थिंगच पाहावें. एलईडी दिव्यांची धन व ऋण टोकें ओळखून जोडावीं. कांहीं जुन्या विलायती मोटारींत बॅटरीचें धन टोक सांगाड्यास असतें, हेंही ध्यानीं ठेवावें.

शेवटीं इंजिन बंद, हातब्रेक ओढलेला व चावी चालू अशा स्थितींत रिव्हर्स टाकून पाहावें. ब्रेकचे व वळणाचे दिवेही तपासावे. दिव्यांचा झोत किंचित् खालीं, जमिनीकडे असावा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार गाडीच्या मागें सामान्यतः लालच प्रकाश दिसला पाहिजे. मागें घेतांनाच्या पांढऱ्या दिव्यास सवलत आहे, ती तेवढ्यापुरतीच.

हें काम एका दिवसाचें आहे. मात्र दिवे लागले म्हणून खालीं उतरून मागें एकदां पाहून येण्याची संवय सोडूं नये, एवढी आमची विनंति आहे.