हरवलेली उडी

आनंदमेळ्यात तो उड्या मारायचा खेळ तुम्ही पाहिलाच असेल. लोखंडी चौकट, तिला चारी बाजूंनी अडकवलेल्या स्प्रिंगा, मधे ताणून बसवलेलं काळं कापड आणि कुणी बाहेर पडू नये म्हणून भोवती जाळी. पाच मिनिटांचे पैसे द्यायचे, चपला काढायच्या, आत शिरायचं आणि शिट्टी होईपर्यंत मनसोक्त उसळायचं!

मागच्या दिवाळीत मी बारामतीला बहिणीकडे गेले होते. मेहुणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामाला आहेत, घरही तिथून जवळच. पहिल्याच संध्याकाळी माझी सहावीतली भाची मला ओढत आनंदमेळ्यात घेऊन गेली. काय उड्या मारत होती पोरगी! दोन्ही वेण्या आभाळाकडे. मग एकदा तिचा पाय जरासा वाकडा पडला आणि ती कडेच्या गादीवर आपटली. लागलं काहीच नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तर ती मधोमध नुसती उभी. गुडघे वाकवायची, हात वर घ्यायची आणि थांबायची. शिट्टी झाली. बाहेर येऊन रडवेल्या आवाजात म्हणाली, "मावशी, काल तर येत होतं. आज का येत नाही?"

घरी परतताना मी तिला ज्या मुलीची गोष्ट सांगितली, तीच आज तुम्हांला सांगते.

त्याआधी हे उसळणं काय असतं ते बघू या. तुम्ही बारामतीचे असाल तर तीनचाकी 'आपे' तुमच्या एमआयडीसीतच, पियाजिओच्या कारखान्यात बनते, हे तुम्हांला ठाऊक असेल. गतिरोधकावरून जाताना आपेच्या चाकाजवळची स्प्रिंग दाबली जाते आणि लगेच पुन्हा पसरते. दाबताना घेतलेली ताकद ती परत देते. गाडीत मात्र ती ताकद जिरवण्याचीही सोय केलेली असते, नाहीतर घरी पोचेपर्यंत आपण उसळतच राहिलो असतो! ट्रॅम्पोलीनमध्ये उलटं. तिथं स्प्रिंगा दाबल्या जात नाहीत, ताणल्या जातात, आणि घेतलेलं जास्तीत जास्त परत मिळावं अशीच सगळी रचना असते. स्पर्धेच्या ट्रॅम्पोलीनला अशा शंभराहून अधिक स्प्रिंगा असतात आणि मधलं कापड नायलॉनच्या पट्ट्यांचं, विणलेल्या खाटेसारखं असतं.

हे यंत्र सुचलं ते अमेरिकेतल्या जॉर्ज निसेन नावाच्या मुलाला. सर्कशीत झुल्यावरचे कसरतपटू शेवटी खालच्या जाळ्यात पडतात आणि थोडे उसळतात, हे त्यानं सोळाव्या वर्षी पाहिलं. त्याला वाटलं, खेळ इथं संपतो कशाला? इथून सुरू का होत नाही? १९३० नंतरच्या काही वर्षांत त्यानं लॅरी ग्रिसवोल्ड यांच्या साथीनं आयोवा राज्यात पहिलं ट्रॅम्पोलीन तयार केलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं वैमानिकांच्या शिक्षणात त्याचा उपयोग केला. हवेत उलटंपालटं झालं तरी वर कुठे, खाली कुठे हे कळायला हवं ना! आपल्या खेळाची जाहिरात करायला निसेनसाहेबांनी १९६० साली न्यूयॉर्कच्या बागेत चक्क एका कांगारूबरोबर उड्या मारल्या होत्या. त्यांचा दोघांचा हवेतला फोटो प्रसिद्ध आहे. कांगारू जरा वैतागलेलाच वाटतो. १९६४ मध्ये लंडनला पहिली जागतिक स्पर्धा झाली, आणि ऑलिंपिकमध्ये हा खेळ यायला २००० साल उजाडावं लागलं, सिडनीला.

आता आपली मुलगी. तिचं नाव ब्रायनी पेज. जन्म १९९० चा, इंग्लंडमधल्या क्रू या गावचा. क्रू म्हणजे रेल्वेचं मोठं जंक्शन, आपल्या दौंडसारखं. ब्रायनी नऊ वर्षांची असताना ट्रॅम्पोलीनवर चढली. नऊ म्हणजे तुमची तिसरी-चौथी. या खेळात ते काही फार लवकर नाही बरं का.

स्पर्धेत काय करायचं असतं ऐका. सुरुवातीला सरळ उड्या मारून उंची गाठायची. मग लागोपाठ दहा करामती. कोलांट्या, दुहेरी कोलांट्या, कोलांटीतच गिरक्या, आणि दहाही वेगवेगळ्या. मधे एकही साधी उडी चालत नाही. पंच चार गोष्टी पाहतात. करामती किती अवघड आहेत, किती नेटक्या झाल्या, तुम्ही मधल्या खुणेपासून किती सरकलात, आणि एकूण किती वेळ हवेत होतात. हवेतल्या एका सेकंदाला एक गुण! वरच्या दर्जाच्या मुली दहा उड्यांत मिळून सोळा सेकंदांच्या आसपास हवेत असतात.

वही घ्या. दहा उड्यांना १६ सेकंद, म्हणजे एका उडीला १.६ सेकंद. त्यातला निम्मा वेळ वर जाण्यात गेला, निम्मा खाली येण्यात. ०.८ सेकंदात वस्तू किती खाली पडते? नववीतल्या ताईदादांना सूत्र विचारा. उत्तर येईल ३.१ मीटर. ट्रॅम्पोलीन स्वतःच जमिनीपासून मीटरभरापेक्षा उंच असतं. त्यात माणसाची उंची मिळवा. म्हणजे पहिल्या मजल्याच्या गॅलरीत तांदूळ निवडत बसलेल्या आजींना ब्रायनी सहज "नमस्कार" म्हणून खाली येईल. तेही दहा वेळा, आणि दर वेळी कोलांटी घेत.

आणि नेमकं इथंच ब्रायनीचं काहीतरी हरवलं.

विशीच्या उंबरठ्यावर असताना, ज्या करामती ती वर्षानुवर्षं करत आली होती त्या तिला येईनाशा झाल्या. हात-पाय ठीक होते. ताकदही होती. पण उडी घ्यायची वेळ आली की मन नाही म्हणायचं. या खेळात याला नावच आहे, 'उडी हरवणं'. तुम्ही तेराचा पाढा घडाघडा म्हणता ना? म्हणताना मधेच "अरे, तेरा सत्ते किती?" असा विचार करून पाहा. जीभ अडखळते. शरीराचंही तसंच असतं. हजारो वेळा केलेली उडी शरीर आपोआप करत असतं. त्यात मन डोकावलं की सगळं विस्कटतं. पाढा चुकला तर बाई पुन्हा म्हणायला लावतील. पण चार मीटरवर, डोकं खाली पाय वर असताना विस्कटलं तर? तिथं थांबता येत नाही. म्हणून ही भीती खोटी नसते. "काही नाही होत, मार उडी" असं म्हणणारे मोठे लोक इथं उपयोगाचे नाहीत, हे मी पालकांना मुद्दाम सांगते. दटावलं की उडी आणखी लांब पळते.

मग ब्रायनीनं काय केलं? ती मागे गेली. अगदी सोप्या उड्यांपर्यंत. नऊ वर्षांच्या पोरी करतात तशा. तिथून एकेक पायरी पुन्हा चढली. यात थोडेथोडके दिवस गेले नाहीत, वर्षं गेली. २०१२ चं ऑलिंपिक तर तिच्याच देशात, लंडनला होतं. त्यात ब्रायनी नव्हती. विचार करा, तुमच्याच शाळेत आंतरशालेय स्पर्धा आहेत आणि तुम्ही संघात नाही! दरम्यान तिनं शेफिल्ड विद्यापीठात जीवशास्त्र शिकून पदवी मिळवली.

आणि २०१६ मध्ये, ब्राझीलमधल्या रिओला, पंचविसाव्या वर्षी ती ऑलिंपिकमध्ये उतरली. अंतिम फेरीत तिला ५६.०४० गुण मिळाले. कॅनडाच्या रोझी मॅक्लेननला ५६.४६५. अर्ध्या गुणाहून कमी फरकानं ब्रायनी दुसरी. ब्रिटनला ट्रॅम्पोलीनमध्ये मिळालेलं ते पहिलंच ऑलिंपिक पदक. (याच रिओत, दोनच दिवसांनी, त्रिपुराच्या दीपा कर्माकरचं व्हॉल्टमधलं कांस्यपदक ०.१५ गुणांनी हुकलं. जिम्नॅस्टिक्समध्ये ऑलिंपिकला गेलेली ती पहिली भारतीय मुलगी. त्या रात्री आमच्या चाळीत कुणी झोपलं नव्हतं.)

गोष्ट इथं संपली असती तर छान झालं असतं, पण घोट्यानं दगा दिला. शस्त्रक्रिया झाली. पुन्हा शून्यापासून सुरुवात. करोनामुळे लांबलेलं टोकियो ऑलिंपिक २०२१ मध्ये झालं, तिथं ब्रायनीला कांस्य मिळालं. त्याच वर्षी ती विश्वविजेती झाली, २०२३ मध्ये पुन्हा झाली. याच टोकियोत, जिच्याकडे सगळं जग डोळे लावून बसलं होतं त्या अमेरिकेच्या सिमोन बाइल्सला हवेतच आपण कुठे आहोत ते कळेनासं झालं. अडीच गिरक्यांच्या उडीत तिच्या दीडच झाल्या आणि तिनं सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली. पुष्कळांनी तिला नावं ठेवली. माझं मत विचाराल तर, तिथून खाली उतरायला उडी मारण्यापेक्षा जास्त धीर लागला असेल. तीन वर्षांनी पॅरिसला तिनं तीन सुवर्णपदकं मिळवली.

आणि पॅरिसलाच, २ ऑगस्ट २०२४ रोजी, तेहतीस वर्षांच्या ब्रायनीनं ५६.४८० गुण मिळवले. दुसऱ्या क्रमांकाला ५६.०६०. सुवर्णपदक! रौप्य, कांस्य आणि आता सुवर्ण, तिन्ही रंग झाले. तिला पुढे सर्कशीत काम करायचं होतं, असं ती सांगायची. म्हणजे पाहा, निसेननं सर्कशीच्या जाळ्यातून उचललेला खेळ पुन्हा सर्कशीकडे निघाला.

"आपल्याकडे असतं का हे?" भाचीनं विचारलं. असतं. आपल्या देशात ट्रॅम्पोलीनच्या राष्ट्रीय स्पर्धा होतात, महाराष्ट्रातली मुलं-मुली त्यांत उतरतात. पण २०२४ पर्यंत ऑलिंपिकच्या ट्रॅम्पोलीनवर एकही भारतीय पोचलेला नाही. तिथं जागाच मुळी सोळा मुलगे आणि सोळा मुलींना असते. शिकायचं असेल तर शिक्षक हवेत, उंच छताचं सभागृह हवं, भोवती जाड गाद्या हव्यात. आनंदमेळ्यातल्या जाळीत कोलांटी मारायची नाही म्हणजे नाही! तिथल्या शिट्टीवाल्या काकांनाही ते माहीत असतं, म्हणून तर ते ओरडतात. आणि एका वेळी एकच जण. दोघं उसळायला लागले की एकाची ताकद दुसऱ्याला मिळते आणि धाकटा भलतीकडेच उडतो.

मी परत निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही पुन्हा गेलो. भाची आत शिरली आणि कापडाच्या मधोमध मांडी घालून बसली. मग बसल्या-बसल्याच हलके हेलकावे घ्यायला लागली. रांगेतली मुलं हसली. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी हातानंच "असू दे" म्हटलं. दोन मिनिटांनी ती उठून उभी राहिली. टाचा न उचलता उसळली. मग टाचा उचलून. मग वीतभर. शिट्टी झाली तेव्हा वेण्या जेमतेम खांद्यापर्यंत उडत होत्या.

बाहेर येऊन चपला घालता घालता तिनं विचारलं, "मावशी, ती विद्यापीठात नेमकं काय शिकली?"

मी सांगितलं, डायनोसॉर कसा आवाज काढत असतील, यावर ब्रायनीनं प्रबंध लिहिला होता.

"कसा काढायचे?"

काही शास्त्रज्ञांना वाटतं की ते सिनेमातल्यासारखे डरकाळ्या फोडत नसावेत. तोंड मिटून, गळ्यातल्या गळ्यात घुमत असावेत, पारव्यासारखे, पण खूप खोल आवाजात. मग काय, घर येईपर्यंत रस्ताभर आमच्याकडे डायनोसॉर घुमत होता.