वेगळी खोली आणि वेगळी चूल

वृद्ध आईवडिलांसाठी मुलाच्या घरालगत लहानसे जोडघर बांधणे हा विषय स्थापत्यशास्त्राचा मानला जातो. परंतु त्यातील पहिली अडचण भाषेने केव्हाच नोंदवून ठेवली आहे. मराठीत ‘खोली वेगळी’ असणे ही केवळ सोय. ‘चूल वेगळी’ होणे म्हणजे मात्र घर फुटणे. भारतीय जनगणनाही एका स्वयंपाकघरातून जेवणाऱ्यांस एकच कुटुंब धरते. तेव्हा जोडघरात चूल असावी की नाही, हे आराखड्याची पहिली रेघ ओढण्यापूर्वी ठरविले पाहिजे.

जालना एमआयडीसीच्या परिसरात या प्रश्नास विशेष निकड आहे. लोखंड वितळविणाऱ्या भट्ट्या व सळया काढणाऱ्या गिरण्या यांतील काम पाळ्यांचे. रात्रपाळीहून परतलेल्या मुलास दिवसा झोप हवी. नेमकी त्याच वेळी म्हातारी माणसे जागी असतात. एका खोलीत दोघांचीही कुचंबणा होते.

जागा फार लागत नाही. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार घरात एकच राहती खोली असल्यास तिला किमान ९.५ चौरस मीटर, आणि न्हाणी-शौचालय एकत्र असल्यास त्यास २.८ चौरस मीटर जागा हवी. बेरीज १२.३, प्रधानमंत्री आवास योजनेतील ग्रामीण घरकुलाच्या किमान २५ चौरस मीटरच्या निम्म्याहूनही कमी. मूळ घराची भिंत सामाईक धरल्यास एक भिंत वाचते. पूर्वी घर ‘खणां’नी मोजीत, दोन तुळयांमधील जागा म्हणजे खण, आणि ऐपत आली की एखादा खण वाढवीत. जोडघराची कल्पना त्याहून फारशी निराळी नाही.

खरी चूक होते ती छपरात. पत्रा स्वस्त, पण मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की पत्र्याखालची खोली वृद्धांस राहण्याजोगी उरत नाही. मराठवाड्याचे मातीचे माळवद थंड खरे. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंती व जड छते कोसळून हजारो माणसे दगावली, हे विसरून त्याचे गोडवे गाऊ नयेत. (जुन्या शब्दांच्या अभ्यासकास हा मोह अंमळ अधिकच होतो.) सळयांचा काँक्रीट स्लॅब, वर चुन्याचा पांढरा हात आणि पश्चिमेस ओसरी, एवढे केल्यास खोली पुष्कळ सुसह्य होते. सळया तर गावच्याच.

चुलीविषयी प्रस्तुत लेखकाचे मत असे, की जेवण एकत्रच असावे. पण चहा-औषधापुरता ओटा जोडघरात अवश्य असावा. घोटभर चहासाठी सासूस सुनेची वाट पाहावी लागू नये. दार अंगणात उघडावे, त्यास आतून कडी असावी. आणि न्हाणीस उंबरठा मात्र मुळीच ठेवू नये.